आठ पोती माती

बारामतीहून बावड्याला जायला भिगवणवरून कुणी जात नाही. सरळ इंदापूरचा रस्ता आहे, उगाच एवढा वळसा कोण घालणार? पण डबा देऊन टाकायचा ठरला तेव्हा बायकोनं एकच अट घातली. म्हणाली, "द्या खुशाल. पण भिगवणावरनं, जुन्या सोलापूर रस्त्यानं न्यायचा. आपली पोरगी जायची तसाच." मी म्हटलं, "अगं, डिझेल काय नळाला येतंय का आपल्या?" आमच्या घरात ती गप्प बसली की ठरलं असं समजायचं.

डबा म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. माझा धंदा उसाच्या ट्रॉल्या बनवायचा. तीस वर्षं अँगल कापतोय, चॅनल जोडतोय, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी सदऱ्याला भोकं पाडून घेतोय. आम्हाला एकुलती एक मुलगी. बाराव्या वर्षी तिच्या पायातली ताकद जायला लागली, मग कमरेतली, मग हातातली. स्नायूंचा आजार आहे, औषध नाही, असं पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं आणि चष्मा पुसत बसला. एकोणिसाव्या वर्षापासून ती आडवीच. जीपच्या सीटवर बसवलं तर मान पडायची. खाटेवरून दिसणारं दारातलं लिंबाचं झाड आणि पलीकडे शेजाऱ्यांच्या म्हशी, एवढंच तिच्या वाट्याला आलेलं. एकदा मी जेवत असताना म्हणाली, "तात्या, अख्ख्या तालुक्याच्या उसाला फिरायला गाडी करून देता तुमी. मलाच तेवढी न्हाय."

चेष्टेनं म्हणाली होती, पण मला लागलं ते. घास तसाच हातात राहिला.

चार महिने रोज संध्याकाळी गिऱ्हाइकांचं काम संपवून मी तिची गाडी करत होतो. खाली ट्रॉलीची चासी, वर पत्र्याची खोली, आतून प्लायवूड. एक कॉट, कॉटच्या दोन्ही अंगाला धरायला दांडी, आईला बसायला बाकडं, चहापुरती शेगडी. खिडकी कुठं कापायची हे ठरवायला तिला उचलून आत नेली, कॉटवर झोपवली आणि तिच्या डोळ्यांच्या समोर खडूनं रेघ मारली. रंग तिनं निवडला, पोपटी. जीपच्या मागं जोडली तेव्हा गल्लीतले लोक बघायला आले. एक म्हणाला, आइस्क्रीमचा धंदा काढला का? दुसरा म्हणाला, नाकापेक्षा मोती जड झाला की हो. मी म्हटलं, तुमच्या नाकाला तरी कुठं मोती आहे? नाव तिनंच ठेवलं, डबा.

आता माझ्या चुकीचं सांगतो. चूक साधी होती आणि ती ट्रॉलीवालाच करू शकतो. उसाच्या ट्रॉलीला खाली लोखंडी पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या लागतात, दहा टन ऊस तोलतील अशा. ट्रॉली मोडली म्हणून लोक माझ्याकडं शिव्या देत आले आहेत, पण फार भक्कम झाली म्हणून कुणी कधी आलं नाही. आमच्या धंद्यात कौतुकाचा शब्द एकच, भक्कम. पोरीची गाडी म्हणून मी दुकानातले सगळ्यात जाड पाटे काढले आणि वर एक जास्तीचा घातला. कॉट, पत्रा, प्लायवूड सगळं मिळून टनभर वजन नाही, त्यात पोरगी पस्तीस किलोची. वजन नसलं की पाटे दबतच नाहीत, रिकामी ट्रॉली रस्त्यावर कशी उड्या मारते हे मी हजार वेळा बघितलं होतं. पण हा डबा म्हणजे रिकामी ट्रॉलीच आहे, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

पहिल्या फेरीला आम्ही दोघंच गेलो. बायको वडगाव निंबाळकरला तिच्या भावाच्या वास्तुशांतीला गेली होती. तिचा जीव लहान, तिनं पहिल्यांदा नको म्हटलं असतं, म्हणून बापलेकीनं ठरवलं की ती परत यायच्या आत भिगवणपर्यंत एक चक्कर मारून यायचं. पोरीला कॉटवर नीट झोपवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या, हातात फोन दिला. बोटं तेवढी चालत होती तिची. म्हटलं, काही लागलं तर फोन कर, मी लगेच थांबतो.

मी काय खुशीत होतो त्या दिवशी. एरवी मी गाणारा माणूस नाही, पण जीपच्या मागच्या बाजूला काच नव्हती, डब्याची पुढची झडप उघडी होती, आणि तिला ऐकू जावं म्हणून मी मोठमोठ्यानं गात होतो. आमच्या आळीच्या भजनातली एक जुनी चाल, तीच तीच, भिगवण येईपर्यंत. फोन एकदाही वाजला नाही.

भिगवणला जुन्या रस्त्याच्या एका तुकड्यावर मी थांबलो. चौपदरी झाल्यापासून मूळचा सोलापूर रस्ता असा तुकड्या-तुकड्यानं पडून राहिलाय. कुठं दोन वडाची झाडं, कुठं पुलाचा दगडी कठडा, कुठं चुना लावलेला मैलाचा दगड. काही भाग तर उजनीच्या पाण्यातच गेला. तिला गरम गरम तळलेली चिलापी मासळी खाऊ घालायची म्हणून मी दार उघडलं.

उशा खाली पडल्या होत्या. ती कॉटच्या एका कडेला सरकून दांडीला चिकटली होती. खालचा ओठ दातानं चावून फुटला होता आणि हनुवटीवर रक्त वाळलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी डोळ्यांनी बघितला, आणि मारणारा मी होतो. मी म्हटलं, "फोन का न्हाय केलास?"

ती म्हणाली, "तुमी गात होता, तात्या."

मी वडाच्या बुंध्याला टेकून बसलो. मग उठलो. रडून काय उपयोग होता? परत घरी न्यायची तर त्याच डब्यातून न्यायला लागणार होती. शेजारच्या खताच्या दुकानातून मोकळी पोती मागून आणली, एका शेतकऱ्याचं खोरं घेतलं, आणि वडाखालची माती भरून पोती कॉटच्या खाली रचायला लागलो. तीन पोती टाकली, जीप दहा पावलं पुढं घेतली, मागं येऊन विचारलं, आता कसं? ती म्हणाली, "अजून एक." परत टाकलं. परत दहा पावलं. "अजून एक." तोंड एवढंसं झालेलं, पण आता तिला मजा यायला लागली होती. आठव्या पोत्याला म्हणाली, "बास. आता झोप येईल."

निघताना तिनं मला शपथ घातली. "आईला सांगू नगा. परत कधी बाहेर काढायची न्हाय ती मला." मी म्हटलं, घरी गेल्यावर पहिल्यांदा ते पाटे बदलतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे. तर म्हणाली, "आन् आईनं इचारलं, नवे पाटे का काढले, तर काय सांगाल?" म्हणून पाटे राहिले आणि पोतीही राहिली. परतीला ती बारामती येईपर्यंत झोपूनच होती. वाऱ्यानं डबा हलू नये म्हणून वजन टाकलंय, असं मी बायकोला सांगितलं. फुटलेल्या ओठाचं पोरीनंच काहीतरी सांगून टाकलं. आणि त्या संध्याकाळी दोन तास ती आईला काय काय बघितलं ते सांगत होती. वडाच्या पारंब्या रस्त्याला कशा टेकल्यात, उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी कसे एका पायावर उभे असतात, मैलाच्या दगडावर कावळा कसा बसला होता. बायको पदर तोंडाला लावून ऐकत होती. दुसऱ्या खेपेला ती स्वतःच आधी डब्यात चढून बसली.

पुढं चार वर्षं आम्ही तिघं त्या रस्त्यानं जात राहिलो. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. भिगवण, मग जुन्या रस्त्याच्या तुकड्यांवरून इंदापूर, एकदोनदा पार नरसिंहपूरला संगमापर्यंत. मी पुढं एकटा आणि मागं मायलेकी बोलत बसलेल्या. पोरगी वाळत चालली होती. शेवटच्या वर्षी म्हणाली, "तात्या, मी कमी झाले, पोतं वाढवा." मी रागावलो तिच्यावर. असलं बोलायचं नाही म्हणून ओरडलो. मग गुपचूप एक पोतं वाढवलंही.

ती गेली त्याला दोन वर्षं झाली. पंधरा दिवसांनी बायकोनं डब्यातली पोती ओढून काढली आणि माती दारातल्या लिंबाच्या बुंध्यात ओतली. झाडाला तरी होईल, म्हणाली. मी दुकानाच्या दारात उभा राहून बघत होतो. त्या मातीबद्दल तिला काही माहीत नव्हतं आणि मी काही बोललो नाही.

डबा ताडपत्रीखाली उभा राहिला. पाटे बदलायला अर्धा दिवस लागला असता, पण मला त्याला हात लावता आला नाही. मग मागच्या महिन्यात बावड्याकडचा एक भाजीपाला करणारा शेतकरी ट्रॉली बघायला आला आणि त्याला ताडपत्रीखालचा पोपटी पत्रा दिसला. त्याचे वडील पडून कंबर मोडून अंथरुणाला खिळलेले. म्हातारा रोज म्हणतो, मला माझी वांगी दाखवा, मला नरसिंहाला न्या. तो हात जोडून विचारत होता, मी नाही म्हणणारच होतो, तेवढ्यात बायको आतून म्हणाली, "न्या."

तर असे आम्ही निघालो. बायको माझ्या शेजारी बसली, जीपमध्ये पुढं. बारामती सुटली आणि पहिल्याच खड्ड्याला मागं धाडकन आवाज झाला. ती दचकली. "काय वाजलं?"

"डबा. रिकामा हाय, वाजणारच."

"आधी कधी वाजला न्हाय."

मी गाडी हळू केली. पण रस्ता तो रस्ताच. दर खड्ड्याला डबा उचलला जायचा आणि आदळायचा. आतली भांडी, शेगडी, कॉटची दांडी, सगळं खडखडत होतं. बायको मान वळवून मागं बघत राहिली. मग म्हणाली, "ती पोती वाऱ्यासाठी न्हवती तर."

मी म्हटलं, "वाऱ्यासाठीच हुती."

"पहिल्या खेपेला, मी वडगावला हुते तवा, पोती हुती का?"

मी म्हटलं, हुती. एवढं धादांत खोटं मी आयुष्यात गिऱ्हाइकाशीसुद्धा बोललो नाही. ती माझ्याकडं बघत राहिली. पस्तीस वर्षांच्या संसारात तिला माझं खोटं ओळखायला वेळ लागत नाही. भिगवणला वडापाशी आलो, गाडी थांबवली, आणि मला पुढं रेटवेना. स्टिअरिंगवर हात ठेवूनच सगळं सांगितलं. उशा, ओठ, रक्त, फोन, शपथ. गाण्याचंही सांगितलं.

ती खाली उतरली. मला वाटलं वडाखाली जाऊन रडेल. पण ती मागं गेली आणि डब्याचं दार उघडलं. "मी मागं बसते. चला."

"अगं, लई आदळतंय. कमरेचं दुखणं हाय तुझं."

"तिला न्हवतं का?"

तिनं आतून कडी लावली. मी फोन समोर ठेवला आणि निघालो. भिगवण ते इंदापूर हा रस्ता मी किती वेळा केला असेल, पण त्या दिवशीइतका लांब तो कधीच नव्हता. बैलगाडीच्या चालीनं चाललो होतो. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून शिव्या देऊन पुढं जात होते. एक खड्डा चुकवला तर दुसऱ्यात चाक जायचं, आणि मागं तो आवाज. फोनकडं बघत होतो. वाजला असता तर मी जागच्या जागी थांबलो असतो. मनातून म्हणत होतो, वाज बाबा एकदा. नाही वाजला. दोघी सारख्याच. माझीच माणसं, आणि मला त्रास होईल म्हणून गप्प बसणारी.

इंदापूरच्या अलीकडं गाडी बाजूला घेतली आणि दार वाजवलं. तिनं कडी काढली. ती बाकड्यावर बसली नव्हती. कॉटवर झोपून आली होती. केस सुटले होते, कपाळावरचं कुंकू पुसलं जाऊन भुवईपर्यंत आलं होतं, आणि दोन्ही हातांच्या मुठी अजून दांडीवरच होत्या. मी तिला उतरवायला हात पुढं केला, तर तो तिनं घेतला नाही.

म्हणाली, "खिडकीतनं काय बी दिसत न्हाय."

मला कळलं नाही. खिडकी स्वच्छ होती, मी स्वतः पुसली होती.

"असं आदळल्यावर काय बी दिसत न्हाय वो. नुसतं पांढरं हलतंय. झाड दिसत न्हाय का पाणी दिसत न्हाय." आणि मग तिचा आवाज फुटला. "मग दोन तास ती मला काय सांगत बसली हुती?"

मी कॉटच्या कडेला बसलो. त्या पारंब्या, ते रोहित पक्षी, तो मैलाच्या दगडावरचा कावळा. सहा वर्षं ते मी खरं धरून चाललो होतो. तिला त्रास झाला खरा, पण बघायला तरी मिळालं, एवढ्या एका गोष्टीवर मी रात्री डोळे मिटत होतो. थांबलो तिथं खिडकी खताच्या दुकानाच्या भिंतीकडं होती, परतीला ती झोपलेली; पडल्या पडल्या तिनं ते सगळं मनानं रचलं होतं. आईनं दुसऱ्यांदा जाऊ द्यावं म्हणून, आणि बापाचा डबा वाया जाऊ नये म्हणून. आम्ही दोघंही तिथं बसून रडलो, पण एकमेकांकडं न बघता. बाजूनं गाड्या जात होत्या.

बावड्याला त्या शेतकऱ्याच्या वस्तीवर पोचलो तर अंगणात सडा-रांगोळी केलेली. त्याच्या बायकोनं डब्याला ओवाळलं. म्हाताऱ्या आबांना खाटेसकट बाहेर आणून ठेवलं होतं, धोतर-पागोटं सगळं नवं. त्यांनी डब्याच्या पत्र्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "लय भक्कम केलाय." मला तो शब्द ऐकवेना. मुलगा ट्रॅक्टर जोडायला लागला, म्हणाला, चला आबा, आधी वांग्यात एक चक्कर मारू.

"थांबा," माझी बायको म्हणाली. "मोकळी पोती आणा खताची. आन् खोरं."

त्यांना काही समजेना. मी समजावून सांगायला लागलो, तर तिनं पदर खोचून स्वतःच खोरं उचललं. बांधाजवळची माती आम्ही भरली, मी, ती आणि त्या घरची सून. पाच पोती कॉटखाली रचली. मग ती आत चढली आणि कॉटवर आडवी झाली. डोकं उशीवर, हात छातीवर, तोंड खिडकीकडं. म्हणाली, "न्या ट्रॅक्टर पुढं." दहा पावलं नेला. मी दारात उभा होतो. तिनं डोळे मिटले होते.

"अजून एक," ती म्हणाली.

मी पोतं उचललं, आत ठेवलं. परत दहा पावलं. "अजून एक." आठव्या पोत्याला तिनं डोळे उघडले, खिडकीतून वांग्याच्या सऱ्या बघितल्या आणि म्हणाली, "आता दिसतंय." आठच. तिनं ओढून काढलेली पोती नऊ होती, पहिल्या दिवसाचा आकडा मी तिला कधी सांगितला नव्हता.

उतरल्यावर तिनं त्या सुनेचा हात धरला. "हे बघ बाई, आबांना इचारायचं न्हाय, तरास होतो का म्हणून. न्हायच म्हणतील. आपण सोता झोपून बघायचं." सुनेनं मान हलवली. मग त्यांनी आबांना कॉटवर घेतलं आणि ट्रॅक्टर हळूहळू वांग्याच्या कडेनं गेला. खिडकीत म्हाताऱ्याचा चेहरा दिसत होता, हसत होता. मी नव्या पाट्यांचं सांगून ठेवलं, पुढच्या आठवड्यात येऊन बदलून देतो म्हटलं. त्यांनी जेवायला बसवलं. पिठलं-भाकरी होती. आम्ही थोडीशी खाल्ली.

परत निघालो तेव्हा जीप हलकी झाली होती, मागं ओढ नव्हती. बायको माझ्यापासून लांब, दाराला टेकून बसली होती. तिनं मला माफ केलं की नाही हे मला आजही माहीत नाही. विचारायची माझी छाती नाही. इंदापूर मागं पडलं. जुन्या रस्त्याच्या तुकड्यावर आलो, गाडी खड्ड्यात गेली, आणि मागं काहीच वाजलं नाही.

तेव्हा ती म्हणाली, "त्या दिवशी काय गात हुता, ते म्हणा."

मी म्हटलं, "नको गं."

"म्हणा."

त्या दिवसानंतर ती चाल मी कधी तोंडात घेतली नव्हती. पहिले शब्द नीट फुटेनात. तरी म्हटली. सूर कुठल्या कुठं जात होता. ती काच खाली करून बाहेर बघत होती आणि गालावरून पाणी वाहत होतं. भिगवण येईपर्यंत मी गात राहिलो, आणि तीही मला थांबा म्हणाली नाही.